कोपऱ्यातलं नाव

मंगळवार, ३ मार्च

ताई,

नमस्कार लिहायचा हक्क मी नऊ वर्षांपूर्वी गमावला, म्हणून थेट कामाचं लिहितो.

कागदावर लिहायचं कारण एवढंच, की तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे. तपासून पाहिलंय. वर्षातून एकदा तपासतो, पाण्याची टाकी धुतो त्याच दिवशी. दोन्ही कामांत फारसा आनंद नाही, पण टाळून चालत नाही.

तर काम असं. सध्या फोनमधून एक विषाणू फिरतोय. आमच्या रुग्णालयात सगळ्यांना तशी सूचना आली आहे. अनोळखी नंबरावरून काही आलं, त्यातून व्हिडिओ असला, तर उघडायचा नाही. उघडला की फोन जळतो. जळतो म्हणजे धूर वगैरे निघत नाही, पण निकामी होतो. त्या व्हिडिओसोबत ओळखीच्या माणसाचं नाव असलं तरी फसायचं नाही. उदाहरणार्थ माझं. हल्ली यंत्रं कुणाचंही डोकं कुणाच्याही धडावर बसवतात. तेव्हा आलंच तर न बघता पुसून टाक.

बाकी माझं बरं आहे. तीच एक्स-रेची खोली, तोच शिशाचा जाड दरवाजा, आणि दिवसातून साठ वेळा तेच वाक्य: श्वास घ्या, धरा, सोडा. आज एक म्हातारे सुतारबुवा आले होते. खांदा दुखतो म्हणाले. फोटो काढला तर दंडात खिळ्याचं टोक! चाळीस वर्षांपूर्वी कधीतरी घुसलं असणार. मी पडद्यावर दाखवलं तर म्हातारा हात जोडून उभाच राहिला. "अहो, हे आत घेऊन मी दोन पोरींची लग्नं लावली की!" म्हणाला. माणूस काय काय आत घेऊन हसत-खेळत फिरतो, आणि वरून बघणाऱ्याला सदरा तेवढा दिसतो. तीस वर्षं झाली या खोलीत, पण अजून प्रत्येक फोटो उजळताना मी जरा वाकूनच बघतो, देवळात बघतात तसा.

असो. उघडू नकोस.

बारक्या

शुक्रवार, ६ मार्च

ताई,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी पोचेपर्यंत लक्षात आलं, की ज्या बाईने अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं तिला मी कळवतोय की व्हिडिओ पाहिल्याने फोन जळतो. "धूर निघत नाही" या शब्दांखाली तू लाल रेघ मारली असशील. मार. विषाणू नाही.

अर्धं खरं सांगतो, अर्धं पुढच्या पत्रात. एका दमात जमणार नाही.

डिसेंबरात मला निरोपांच्या ॲपवर एका बाईंचा "नमस्कार" आला. चुकून आलाय, दुसऱ्या कुणाला पाठवायचा होता, म्हणाल्या. (चुकून आलेला नमस्कार हा या धंद्यातला पहिला मंत्र असतो, हे मला आता कळतंय.) मग विचारपूस. दूरच्या गावी व्यायामोपचार करतात, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. फोटोत चेहरा शांत. भाषा अशी की वाचत राहावी. रोज दुपारी दीडच्या ठोक्याला विचारायच्या, "आपण भोजन ग्रहण केले का?"

हस. मी तेव्हा हसलो नाही. मला वाटलं, काय सुसंस्कृत बाई आहे! अगं, ते यंत्राने केलेलं भाषांतर होतं. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला कुणीतरी टोणगा बटण दाबत होता, आणि इकडे मी डबा उघडून उत्तर लिहीत होतो, "हो, आत्ताच. आपण?"

पण खरं सांगू का, तुझी भावजय गेल्यापासून पाच वर्षांत मला जेवलास का म्हणून कुणी विचारलेलं नाही. रुग्णालयात विचारतात, "जेवून आलात का, मग जरा हा फोटो काढा." ते वेगळं. त्या प्रश्नाला मी इतका हपापलेलो होतो हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि त्या टोणग्याने ते दोन दिवसांत हेरलं. आम्ही माणसाच्या आतलं बघायला एवढं मोठं यंत्र लावतो, शिशाचा दरवाजा लावतो. त्याने "जेवलात का" एवढ्यावर काढला माझा फोटो. मी थक्क आहे. रागावलोय तर आहेच, पण थक्क जास्त.

आता माझी चूक ऐक. ही करायला एक्स-रेवालाच लागतो.

बाई म्हणाल्या, "आपल्या हृदयात काय आहे ते मला दाखवाल का?" दुसरा कुणी असता तर त्याने कवितेच्या दोन ओळी पाठवल्या असत्या. मी कपाटातून माझ्या छातीची जुनी फिल्म काढली, रुग्णालयात दरवर्षी आमची तपासणी होते त्यातली. ती दिव्याच्या पेटीवर लावली, मोबाईलने टिपली आणि पाठवून दिली! खाली लिहिलं, "हे बघा. मुठीएवढं आहे, डावीकडे किंचित कललेलं." फार काव्यमय वाटलं होतं मला.

फिल्मच्या कोपऱ्यात काय असतं, सांग. संपूर्ण नाव, वय, रुग्णालयाचं नाव, तारीख.

तोवर मी त्यांना नुसतं टोपणनाव सांगितलं होतं. मोठा सावध समजत होतो स्वतःला. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी शिकवतो, की फिल्म कुणाच्याही हाती देण्याआधी कोपरा बघा, आत काय आहे ते डॉक्टर बघतील. आणि मी स्वतः माझं काळीज पाठवलं ते नावगाव घालून.

त्यानंतर त्यांनी एक वेगळं ॲप दिलं, आवाज स्पष्ट येतो म्हणून. त्याने विचारलं, नंबरांची यादी बघू का? मी म्हटलं हो. फोटो बघू का? हो. लग्नमंडपात विधी सांगणाऱ्याला म्हणतात तसं, न ऐकताच हो. त्या यादीत तुझा नंबर आहे, ताई. मी नऊ वर्षांत तो पुसला नाही. मला जे जमलं नाही, तुझ्यापर्यंत पोचणं, ते आता त्यांना एका बोटात जमणार आहे.

त्यांच्याकडे काय आहे आणि ते काय मागतायत, ते पुढच्या पत्रात. तोवर काही आलं तर उघडू नकोस. या वेळी विज्ञान सांगत नाही, विनवतोय.

बारक्या

सोमवार, ९ मार्च

ताई,

हे पत्र पोलिसांच्या सायबर शाखेतल्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर हललेलं दिसेल. बाकाचा एक पाय आखूड आहे, सगळा दोष त्यालाच दे.

उरलेलं अर्धं असं. फेब्रुवारीच्या एका रविवारी भर दुपारी बाईंनी व्हिडिओ कॉल केला. त्या पडद्यावर हसत होत्या, लाजत होत्या. म्हणाल्या, आता आपल्यात काय पडदा? मी आधी शर्ट काढला, मग बनियन, मग उरलेलं. अक्कल त्याच्याही आधी काढून ठेवली होती. चार मिनिटं. दहाव्या मिनिटाला निरोप आला, त्यात तोच व्हिडिओ, माझं पूर्ण नाव, रुग्णालयाचं नाव आणि माझ्या यादीतले बारा नंबर. पैसे दे, नाहीतर बाराच्या बारा जणांना जाईल. भोजन वगैरे काही नाही. एकदम अरे-तुरे.

नंतर आठवलं, पडद्यावरची ती बाई दर चाळीस सेकंदांनी तशीच मान वळवत होती, तीच बट, तेच हसू. आधीच चित्रित केलेली फिल्म लावून ठेवली होती. रोगी तिळभर हलला तरी मला फोटोत कळतं, आणि इथे चार मिनिटांत कळलं नाही.

मी एकदा पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट मागितले. मग मी तुला ते विषाणूचं पत्र लिहिलं. बारा नंबरांत आमचे साहेब होते, मामेभाऊ होता, घरमालक होता. त्यांचं मला फार काही वाटलं नाही. साहेब ओरडतील, मामेभाऊ गावभर करेल, घरमालक भाडं वाढवेल, आणि तेवढं तर तो तसंही करतो. पण त्या यादीतला सातवा नंबर तुझा होता.

का, ते तुला माहीत आहे. तरी मी लिहितो, कारण मी ते कधी तोंडाने म्हटलेलं नाही. भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुला असाच कुणीतरी भेटला होता फोनवर, लष्करातला डॉक्टर म्हणवणारा. तू वेळीच सावरलीस, आणि सगळं मला एकट्याला सांगितलंस. मी ते मामेभावाच्या मुलीच्या लग्नात, भरल्या पंगतीत, चाळीस माणसांसमोर वाढलं: "आमच्या ताईचं मोबाईलशी जमलंय, आहेरात चार्जर द्या!" चाळीस माणसं हसली. मला त्या हशाचा आवाज फार आवडला. तू हात धुतलास आणि गेलीस. ताटात भात तसाच होता.

त्यानंतर तू एकदाच आलीस, तुझी भावजय गेली त्या दिवशी. सगळ्यांना चहा केलास. माझा कप माझ्यासमोर ठेवलास, न बोलता, कान डावीकडे करून, मी डावखुरा आहे हे लक्षात ठेवून. तो चहा मी गार होईपर्यंत बघत बसलो होतो.

इथलं सांगतो. मी आत शिरलो तेव्हा वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात असला गाढव मी एकटाच असणार. तर बाकावर आधीच सात जण! एक दाढीवाले प्राध्यापक, एक दातांचे डॉक्टर, एक लांब वेणीची मुलगी, मांडीवर हेल्मेट घेतलेला एक पैलवान गडी. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. तिथे सगळ्यांचे सदरे नीट होते, ताई, आणि सगळ्यांच्या दंडात खिळा होता. मी क्षणभर उभाच राहिलो. इतकी वर्षं मी एकेकाला आत घेतो, दरवाजा लावतो. एका ओळीत बसलेले असे कधी पाहिले नव्हते.

अधिकारी बाई तिशीच्या असतील. मला काका म्हणतात.

"काका, काय आलंय ते दाखवा."

मी फोन छातीशी धरून बसलो.

"काय काम करता तुम्ही?"

"एक्स-रे काढतो."

"मग लोक तुमच्यासमोर कपडे काढायला लाजले, तर काय सांगता?"

"सांगतो, लाजू नका, मला फक्त हाडं दिसतात."

"मलाही फक्त हाडंच दिसतात, काका. द्या इकडे."

दिला. तिने पाहिलं, जसं मी पाहतो तसंच, कामापुरतं. मग विचारलं, "पैसे दिलेत?"

"एकदाच."

"एकदाच म्हणजे त्यांना कळलं, या घराचं दार ढकललं की उघडतं. आता एक दमडी नाही. उत्तर नाही, रडणं नाही, शिव्याही नाहीत. आणि काही पुसू नका. लाजेने सगळे आधी पुसून टाकतात आणि मग आमच्याकडे पुरावा म्हणून कोरा फोन घेऊन येतात. ते ॲप मात्र मी आत्ता काढते. उद्या सकाळी फोनची नक्कल घेणारा माणूस येईल, त्याने सगळं उतरवून घेतलं की नंबर ब्लॉक करू."

"पण तोवर त्यांनी पाठवलं तर?"

"पाठवतील किंवा नाही पाठवणार. पैसे दिलेत तरी पाठवू शकतात. यादीत सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटते?"

मी म्हटलं, बहिणीची.

"मारते का?"

"बोलत नाही."

"मग तिला तुम्हीच आधी सांगा. जे तुम्ही स्वतः सांगून टाकलंत, ते विकायला त्यांच्याकडे उरतं काय?"

म्हणून हे पत्र. सांगून टाकलं. तो माणूस मीच, चेहरा माझाच, धडही माझंच. यंत्राने काही जोडलेलं नाही.

बारक्या

मंगळवार, १० मार्च, दुपारचे चार

ताई,

कालचं पत्र अजून तुझ्या दारात पोचलेलं नसणार. तरीही सकाळी जे घडलं ते घडलं, आणि अक्षर आजही हललेलं दिसेल. घरच्या टेबलाचे चारही पाय सारखे आहेत.

साडेदहाला मी फोन घेऊन सायबर शाखेत गेलो. नक्कल काढणाऱ्या माणसाने वायर जोडली आणि तेवढ्यात फोन वाजला. त्या टोणग्याचा निरोप होता: "बघ, तुझ्या बहिणीने पाहिलं. तिचं उत्तर वाच. आता तुझे साहेब." खाली तुझ्या उत्तराचा स्क्रीनशॉट होता.

मी अधिकारी बाईंना म्हटलं, तुम्हीच वाचा, मला नका ऐकवू. त्यांनी मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली. आधी भुवया वर गेल्या. मग त्यांनी तोंडावर हात धरला. मग म्हणाल्या, "काका, हे ऐकायलाच हवं," आणि त्या मोठ्याने वाचू लागल्या.

तुझंच लिहिलेलं तुला परत लिहून पाठवतो. मला ते पुन्हा लिहायचंय:

"हो, हा माझाच भाऊ. सात वर्षांचा होईपर्यंत मीच त्याला आंघोळ घातली आहे, त्यामुळे यात मला नवीन काही दिसलं नाही. दुसरं काही असेल तर पाठवा. त्याला एक निरोप द्या. बरगड्या मोजता येतायत, वेळेवर जेवतो का ते विचारा. त्याचा नंबर मी बंद ठेवला होता, तो मंगळवारी संध्याकाळी सहाला उघडते, शिकवणी संपली की. एवढं सांगाच. नाहीतरी तुम्हाला त्याला रोज लिहायचं असतं."

आधी नक्कल काढणारा हसायला लागला, मग बाई, मग बाकावरचा तो हेल्मेटवाला पैलवान, जो कालपासून एक अक्षर बोलला नव्हता. तो इतका हसला की डोळे पुसायला लागला, आणि पुसता पुसता रडायलाच लागला. शेजारच्या प्राध्यापकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"यांनी हे तुम्हाला धमकी म्हणून पाठवलं?" बाई म्हणाल्या. "यंत्राला आंघोळीचा अर्थ लागला नसेल."

त्यांनी तिथेच नंबर ब्लॉक केला. बटण मला दाबायला दिलं.

ताई, मी माणसांच्या आत बघून पोट भरतो. हाडं, फुफ्फुसं, गिळलेली नाणी, दंडातले खिळे. मला वाटायचं, आता चकित व्हायला काही उरलं नाही. आणि तू! तुझ्या हातात कुणीतरी माझी अब्रू आणून ठेवली, नऊ वर्षं वाट पाहावी अशी, अगदी सोलून. तुला नुसतं गप्प बसता आलं असतं. चाळीस जणांना पाठवता आलं असतं. तू त्यात माझ्या बरगड्या मोजल्यास. आमच्याकडे फोटोत दहा बरगड्या दिसल्या की म्हणतात, श्वास पुरता घेतलाय. तुला किती दिसल्या?

आणि त्या चोराला तू पोस्टमन केलंस. आपला निरोप माझ्या दारापर्यंत त्याच्याकडून आणवलास, फुकट! मी शहाणा म्हणून मिरवतो, पण अशी कल्पना मला सात जन्मांत सुचली नसती. तरी मी तुला "उघडू नकोस" लिहिलं. माझ्या हातून घडलेलं ते एकमेव शहाणपण. तुला नको म्हटलं की तू उघडणार, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत आहे.

आता चार वाजून वीस मिनिटं. अजून एक तास चाळीस मिनिटं आहेत. मी जेवलोय. खरंच जेवलोय.

बारक्या

रविवार, १५ मार्च

ताई,

फोनवर रोज बोलतो आपण, मग पत्र कशाला, असं म्हणशील. काही गोष्टी फोनवर बोलता आल्या नाहीत.

त्या मंगळवारी सहाला एक मिनिट कमी असताना मी नंबर फिरवला. लागला नाही. एक मिनिट थांबून फिरवला आणि घंटा वाजली! टाकी धुवायच्या दिवशी नऊ वेळा मी जी ऐकायला गेलो होतो, ती ही घंटा. तू फोन उचललास. दिवसातून साठ जणांना श्वास धरा सांगणारा मी, मीच धरून उभा होतो. मग तू एवढंच म्हणालीस:

"काय रे, आहेरात चार्जर पाठवू का?"

ती थट्टा तू नऊ वर्षं जपून ठेवली होतीस ना? ठेवलीच असशील. मी हसलो, तू हसलीस, आणि मग माझा आवाज गेला तो गेलाच. तेव्हा तू जे मिनिटभर नुसती थांबलीस, फोन न ठेवता, त्याचे आभार इथे लिहितो. तोंडाने जमणार नाहीत.

साहेबांना मी बुधवारी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "अहो, माझ्या मेव्हण्यालाही हेच झालं." घरमालकाला सांगितलं, भाडं वाढलं नाही. त्या लोकांनी साहेबांना पाठवलं की नाही, कळलं नाही. ते विचारायचीही गरज उरली नाही.

सगळ्यात अवघड उरलंय. पुढच्या रविवारी मामेभाऊ निवृत्त होतोय, जेवण ठेवलंय, तीच चाळीस माणसं असतील. पंगत बसली की मी उभा राहणार आहे आणि माझी गोष्ट पहिल्यापासून सांगणार आहे. नमस्कार कसा आला, भोजन कसं ग्रहण केलं, फिल्म कशी पाठवली, पैसे का द्यायचे नाहीत, पुसायचं का नाही, आणि सांगायचं कुणाला. हसतील. हसू देत. त्या चाळिसांत एखादा तरी आपल्या बुटांकडे बघत असेल, त्याच्यासाठी सांगायचंय. आणि शेवटी लग्नातल्या त्या दिवसाबद्दल तुझी माफी मागेन, जिथे मागायला हवी होती तिथे. तू आलीस तर पहिल्या पानावर बस. तुझ्या ताटातला भात संपेपर्यंत कुणाला उठू देणार नाही.

सोबत छातीची ती फिल्म पाठवतोय, घडी न घालता. उजेडाच्या खिडकीला लावून बघ. हृदय मुठीएवढं आहे, डावीकडे किंचित कललेलं. तुझं घर आमच्या घरापासून कुठल्या दिशेला आहे ते तू बघ, मी काही बोलत नाही.

कोपऱ्यातलं नाव झाकलेलं नाही.

बारक्या